हवेला हात न लावता: उपग्रहाला तापमान, पाऊस आणि वारा कळतो कसा?

मला आलेल्या एका प्रश्नात तीन गोष्टी एकत्र विचारल्या आहेत. उपग्रह शेकडो, नाहीतर हजारो किलोमीटर वर असतो, हवेत थर्मामीटर बुडवत नाही, तरी जमिनीपासून वरपर्यंतचं तापमान आणि बाष्प तो सांगतो कसा? बातम्यांतल्या रंगीत चित्रात लालभडक ढग दिसला, म्हणजे तिथे पाऊस चालू आहे असं समजायचं का? आणि शुक्र, मंगळ, गुरूवर पडताळून बघायला कोणीच नसताना तिथल्या आकड्यांवर भरवसा कशाच्या जोरावर ठेवायचा? उपग्रहाच्या नोंदींमधून तापमान आणि वारा काढून देण्यातच माझी उभी नोकरी सरली, म्हणून जरा ऐसपैस लिहितो. तिसऱ्या प्रश्नाचं मूळ पहिल्यातच आहे, तेव्हा सुरुवात तिथून.

उपग्रहाला फक्त एवढंच कळतं: अमुक दिशेने, अमुक तरंगलांबीचं प्रारण किती आलं. डिटेक्टरमधून निघतो तो एक कोरा आकडा. त्याला अर्थ यावा म्हणून उपकरणातला आरसा दर काही सेकंदांनी मान वळवून एकदा रिकाम्या, गार अंतराळाकडे बघतो आणि एकदा उपकरणातच बसवलेल्या, नेमकं तापमान माहीत असलेल्या काळ्या पृष्ठभागाकडे. एक टोक गार, एक टोक गरम. पृथ्वीकडून आलेला आकडा या दोघांच्या मध्ये कुठे पडतो, त्यावरून प्रारण ठरतं. तापमान, आर्द्रता, पाऊस, वारा हे सगळं त्यानंतरचं, आपण गणिताने काढलेलं.

आता हवेच्या निरनिराळ्या उंचीचं तापमान. धुक्याचं उदाहरण घ्या. दाट धुक्यात दोन पावलांवरचं दिसतं, विरळ धुक्यात पलीकडचं झाडही दिसतं. आपण तरंगलांबी बदलतो तेव्हा हवेच्या ‘धुक्याचा’ दाटपणा बदलत असतो. कार्बन डायऑक्साइड १५ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास अवरक्त प्रारण जोरात शोषतो. त्या पट्ट्याच्या ऐन मध्यावर वरून बघितलं तर नजर वरच्या थरात, स्थितांबरातच अडकते, खालचं काही पोचत नाही. मध्यापासून जरा बाजूला सरकलं की नजर त्याखालच्या, जमिनीलगतच्या तपांबरात उतरते. आणखी सरकत १०.८ मायक्रॉनच्या ‘खिडकी’त आलं की ढग नसतील तर थेट जमीन किंवा समुद्र. कार्बन डायऑक्साइड हवेत जवळपास सगळीकडे सारख्या प्रमाणात मिसळलेला असतो, म्हणून प्रारणातला फरक तापमानाच्या खात्यावर टाकता येतो. ही कल्पना लुईस कॅप्लान यांनी १९५९मध्ये मांडली, आणि १९६९मध्ये निंबस-३ या उपग्रहाने ती प्रत्यक्षात करून दाखवली. ढग असले की अवरक्ताची नजर ढगाच्या माथ्यावरच थांबते. तेव्हा ऑक्सिजनचा ५० ते ६० गिगाहर्ट्झचा मायक्रोवेव्ह पट्टा कामाला येतो. तत्त्व तेच, पण बहुतेक ढग त्याला आडवे येत नाहीत.

इथवर सोपं वाटतं. अडचण पुढे आहे. प्रत्येक चॅनल (म्हणजे मोजणीसाठी निवडलेली एकेक तरंगलांबी) एका पातळ थराकडे नाही, कित्येक किलोमीटर जाडीच्या पट्ट्याकडे बघतो, आणि शेजारच्या चॅनलचा पट्टा त्याच्यावर निम्माअधिक चढलेला असतो. युरोपच्या मेटॉप या हवामान उपग्रहांवरच्या यासी या उपकरणाचे ८,४६१ चॅनल आहेत. पण तापमानाबद्दलची एकमेकांपासून खरोखर वेगळी माहिती मोजायला गेलं तर ती दहा-पंधरा आकड्यांच्या पलीकडे फारशी जात नाही. बाकीचे चॅनल तेच ते पुन्हा सांगतात (गोंगाट कमी करायला त्यांचाही उपयोग होतो, ते असो). परिणाम असा की एकाच मोजणीशी तंतोतंत जुळणाऱ्या, पण एकमेकींशी न जुळणाऱ्या तापमानाच्या असंख्य आकृत्या काढता येतात. त्यातली एक निवडायची तर आधीपासून काहीतरी माहीत असावं लागतं: या ऋतूत, या अक्षांशावर हवा साधारण कशी असते, हवामानाच्या संगणकी मॉडेलने काल आजसाठी काय सांगितलं होतं. म्हणजे उपग्रहाचं तापमान म्हणून जो आकडा समोर येतो, त्यात थोडा उपग्रह असतो आणि थोडी आपली पूर्वकल्पना. किती कोण, हे थरागणिक बदलतं. जमिनीलगतच्या एक-दीड किलोमीटरमध्ये पूर्वकल्पनेचा वाटा बहुधा जास्त, आणि हे विसरणाऱ्यांना मी पुष्कळदा तोंडावर पडताना पाहिलंय. त्यात मीही आलो.

म्हणूनच १९९०च्या दशकात मोठ्या अंदाज केंद्रांनी वेगळी वाट धरली. उपग्रहावरून आधी तापमान काढा, मग ते मॉडेलला द्या, हा द्राविडी प्राणायाम त्यांनी सोडला. त्याऐवजी मॉडेलच्या हवेवरून ‘उपग्रहाला आत्ता काय दिसलं असतं’ ते काढायचं, खरंच दिसलेल्या प्रारणाशी ताडायचं आणि फरकाच्या दिशेने मॉडेलची हवा हलवायची. माझ्या मते उपग्रहांचा अंदाजांना खरा फायदा तेव्हापासून व्हायला लागला.

आता लाल ढग. तो लाल रंग प्रोग्राम लिहिणाऱ्या कुणीतरी निवडलेला असतो. रंगामागे असतं ते ढगाच्या माथ्याचं अवरक्त तापमान: जितकं थंड, तितका माथा उंच, तितका रंग भडक. गडगडाटी ढग उभा चढत असतो तेव्हा थंड माथा आणि जोराचा पाऊस यांचं बऱ्यापैकी जमतं. पण वादळ ओसरल्यावरही त्याचा वरचा बर्फाळ पसारा तासन्‌तास आकाशात राहतो; चित्रात लालच, खाली थेंब नाही. उलट, डोंगरउतारावर समुद्राकडून आलेली दमट हवा चढते तिथे ढग उथळ, माथा उबदार, चित्रात फिका करडा, आणि खाली मात्र मुसळधार. मायक्रोवेव्ह ढगाच्या आत शिरतो, पण त्याचीही अडचण आहे. समुद्राचा पृष्ठभाग मायक्रोवेव्हमध्ये ‘थंड’ दिसतो, त्यामुळे थेंबांचं स्वतःचं प्रारण त्यावर उठून दिसतं. जमीन मुळातच ‘उबदार’, तिथे थेंब तिच्यात मिसळून जातात आणि वरच्या गारांनी, बर्फकणांनी विखुरलेल्या लहरींवरूनच पावसाचा अंदाज करावा लागतो. उथळ ढगात बर्फच नसेल, तर मग काय? पाऊस हातचा निसटतो. सरळ उत्तर हवं असेल तर रडार वर न्यावं लागतं. टीआरएमएम या पाऊस मोजणाऱ्या उपग्रहाने १९९७मध्ये ते पहिल्यांदा नेलं आणि २०१४पासून त्याच्या पुढच्या पिढीच्या जीपीएम उपग्रहावर दोन वारंवारितांचं रडार आहे. तरीही जमिनीलगतच्या किलोमीटर-दोन किलोमीटरात जमिनीचा स्वतःचा प्रतिध्वनी पावसाला झाकून टाकतो. तेव्हा चित्र बघून छत्री घ्यायची की नाही हे ठरवायचं असेल, तर एक चित्र बघू नका. अर्ध्या तासाच्या अंतराची चार बघा, आणि माथा थंड होत चाललाय की उबदार, ते बघा. थंड होत असेल तर ढग अजून वाढतोय.

वजाबाकीची एक गंमत सांगतो, कारण नवीन माणसाला या कामाची गोडी लागते ती इथेच. रात्री दोनचा सुमार. १०.८ मायक्रॉनच्या चित्रात सगळं सपाट राखाडी. खाली धुकं आहे की मोकळी जमीन, कळायला मार्ग नाही, कारण धुक्याच्या माथ्याचं तापमान जवळपास जमिनीइतकंच. मग ३.९ मायक्रॉनचं चित्र घ्यायचं आणि एकातून दुसरं वजा करायचं. धुक्याचे बारीक थेंब ३.९ला तापमानाच्या मानाने कमी प्रारण सोडतात, म्हणून तिथे हे ‘तापमान’ दोन-चार अंशांनी कमी भरतं. वजाबाकी पडद्यावर आली की नदीची खोरी एकाएकी उमटतात, उपनद्यांसकट, पंजाच्या बोटांसारखी. खोऱ्यात साचलेलं धुकं असं नकाशासारखं दिसतं. वर विरळ बर्फाळ ढग असला तर वजाबाकीचं चिन्ह उलटतं, तीही खूणच. ऊन आलं की मात्र ३.९मध्ये सूर्याचं परावर्तन मिसळतं आणि हा सगळा डाव मोडतो.

वारा हा यातला सगळ्यात फसवा प्रकार. भूस्थिर उपग्रह ३५,७८६ किलोमीटरवरून एकाच भागाकडे बघत राहतो, दर काही मिनिटांनी चित्र घेतो. ढगाचा एखादा तुकडा पहिल्या चित्रातून दुसऱ्यात किती सरकला ते मोजायचं, वेळेने भागायचं, वारा तयार. सरकणं मोजण्यात फारशी चूक होत नाही. चूक होते ती हा वारा कुठल्या उंचीवर लिहायचा यात. नोकरीच्या सुरुवातीला मी अशी एक खेप तयार करून दिली होती. समुद्रावरचे वारे, साडेपाच किलोमीटरच्या आसपास, सेकंदाला चाळीस-पंचेचाळीस मीटर. मी खूश. वरिष्ठांनी कागद बघितला आणि विचारलं, “या उंचीवर एवढा वारा? खालून समुद्र दिसतोय का तुझ्या ढगातून?” दिसत होता. ढग विरळ होता. उपग्रहाने मोजलेलं प्रारण थोडं ढगाचं, थोडं खालच्या उबदार समुद्राचं. त्या मिसळीचं तापमान मी ढगाचं म्हणून वाचलं आणि ११-१२ किलोमीटरवरचा झोतवारा (उंचावरचा अरुंद, वेगवान वारा) निम्म्या उंचीवर आणून बसवला. उपाय तेव्हाही माहीत होता: बाष्पाच्या ६.७ मायक्रॉनच्या चॅनलमध्ये समुद्र दिसतच नाही, त्याची आणि खिडकीची सांगड घातली की ढगाची खरी उंची सापडते. मी आळस केला होता. तेव्हापासून कुठलाही वारा बघितला की वेगाआधी मी त्याची उंची विचारतो.

हा धडा शुक्रावर जसाच्या तसा लागू पडतो. शुक्र स्वतःभोवती एक फेरी २४३ दिवसांत घेतो, पण अतिनील चित्रांतले ढगांचे डाग साधारण चार दिवसांत ग्रहाला वळसा घालतात, म्हणजे सेकंदाला सुमारे १०० मीटर. हा झाला ७० किलोमीटरच्या आसपासचा वारा. रात्रीच्या बाजूला २.३ मायक्रॉनमध्ये बघितलं, तर खालच्या तप्त हवेची धग ढगांतून झिरपते आणि तिच्यापुढे खालचे ढग सावल्यांसारखे दिसतात. त्यांचा वेग कमी भरतो. ग्रह तोच, ढग तेच वाटतात, तरंगलांबी बदलली की मजला बदलतो. शिवाय जे हलतं तो वाराच असतो असंही नाही. जपानच्या अकात्सुकी यानाची २०१०मध्ये शुक्राभोवतीची कक्षा हुकली होती. पाच वर्षं सूर्याभोवती फिरून डिसेंबर २०१५मध्ये ते पुन्हा पोचलं आणि पहिल्या काही दिवसांतच त्याच्या अवरक्त कॅमेऱ्याला ढगांच्या माथ्यावर उत्तर-दक्षिण सुमारे १०,००० किलोमीटर लांबीची धनुष्यासारखी पट्टी दिसली. आजूबाजूची हवा सेकंदाला शंभर मीटर वेगाने धावत होती आणि पट्टी खालच्या ॲफ्रोडाइटी या उंच प्रदेशावर दिवसेंदिवस जागच्या जागी. डोंगरावरून वाहणाऱ्या हवेत उठलेली ती लहर होती. पृथ्वीवर पर्वतांच्या वाऱ्याआडच्या बाजूला भिंगाच्या आकाराचे ढग असेच ठिय्या देऊन बसतात. त्यांचा माग काढून वारा मोजला तर उत्तर येईल शून्य.

वारा थेट मोजायचा प्रयत्नही झाला. युरोपच्या इओलस या उपग्रहाने २०१८ ते २०२३ या काळात ३२० किलोमीटरवरून अतिनील लेसर खाली सोडला आणि हवेच्या रेणूंवरून परतलेल्या प्रकाशाची वारंवारिता किती सरकली ते मोजलं. नजरेच्या दिशेतला सेकंदाला एक मीटर वारा म्हणजे वारंवारितेत अब्जात सुमारे सात भागांचा फरक. आणि हे मोजणारं यान स्वतः सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त वेगाने धावतंय! दुर्बीण हलक्याने जरी कलली तरी यानाचाच वेग वारा म्हणून नोंदला जाईल.

आता तिसरा प्रश्न. इतर ग्रहांवर पूर्वकल्पनाच तोकडी, मग प्रारणावरून तापमान काढायच्या या उलट्या गणिताला आधार कसला? एक आधार म्हणजे ज्यात पूर्वकल्पना फारशी लागत नाही अशी मोजणी. जुलै १९६५मध्ये मरिनर-४ हे यान मंगळाच्या मागे गेलं. जाता-येता त्याचे रेडिओ संकेत मंगळाच्या हवेतून गेले, किंचित वाकले, त्यांना पोचायला लागणारा वेळ किंचित बदलला. त्यावरून पृष्ठभागाचा दाब निघाला ४ ते ७ मिलिबार (हजार मिलिबार म्हणजे एक बार, साधारण आपल्या समुद्रसपाटीवरचा दाब). त्याआधी दुर्बिणींवरून काढलेले काही आकडे ८५ मिलिबारपर्यंत जायचे. वर ज्यांचं नाव आलं त्याच कॅप्लान यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर वर्णपटावरून तो २५वर आणला होता, पंधराच्या चूकभुलीसह. रेडिओने तो आणखी खाली ओढला, आणि मंगळावर नुसत्या पॅराशूटवर उतरायचे बेत तिथेच संपले. याला मराठीत रेडिओ पिधान म्हणता येईल. तीस वर्षांनी, १९९५मध्ये, हीच युक्ती पृथ्वीवर आली: जीपीएस उपग्रह क्षितिजाआड जाताना त्याचा संकेत हवेत जेमतेम एखादा अंश वाकतो, तेवढं खालच्या कक्षेतल्या उपग्रहाने मोजायचं. शेवटी हिशोब वेळेचा, आणि वेळ अणुघड्याळाची. म्हणून बाकीच्या उपकरणांची चूक कितीशी, हे आज आपण या मोजणीशी ताडून बघतो. पृथ्वीवरून ग्रहांवर गेलेली तंत्रं पुष्कळ. हे उलट्या वाटेने आलं.

सरळ वाटेचं उदाहरण रुडॉल्फ हॅनेल यांच्या अवरक्त वर्णपटमापकाचं. निंबस-३ आणि ४वर तो पृथ्वीकडे बघत होता, १९७१मध्ये मरिनर-९वरून मंगळाकडे, पुढे व्हॉयेजरवरून गुरू-शनीकडे. मरिनर-९ पोचलं तेव्हा अख्खा मंगळ धुळीत बुडाला होता. कॅमेऱ्यांना उंच ज्वालामुखींची टोकं सोडता काही दिसेना. हॅनेल यांच्या उपकरणाला मात्र तीच पर्वणी होती. मंगळाच्या हवेतही कार्बन डायऑक्साइडच, पट्टाही तोच १५ मायक्रॉनचा. धूळ ऊन पिऊन हवा तापवते आणि जमिनीला सावलीत ठेवते, त्यामुळे खालपासून वरपर्यंतचा तापमानाचा उतार जवळपास सपाट झाला होता. धूळ बसत गेली तसा उतार परत आला.

दुसरा आधार म्हणजे प्रत्यक्ष आत जाऊन मोजणं, आणि हा वाटतो तितका पक्का नाही. ७ डिसेंबर १९९५ रोजी गॅलिलिओ यानाने सोडलेली कुपी गुरूच्या ढगांत उतरली, तासभराच्या आत २० बारपेक्षा जास्त दाबापर्यंत गेली आणि वितळून संपली. अपेक्षेच्या मानाने पाणी फारच कमी निघालं. सगळ्या सिद्धांतांची पंचाईत. नंतर लक्षात आलं की कुपी पडली ती नेमकी एका ‘तप्त डागा’त, जिथे कोरडी हवा वरून खाली उतरते. एवढ्या मोठ्या ग्रहावर एकच कुपी, आणि ती वाळवंटात! दुरून बघणं इथे जास्त खरं ठरलं, पण त्यासाठी जवळ जावं लागलं. लांब तरंगलांबीच्या मायक्रोवेव्हमध्ये गुरू खोलवर दिसतो, मात्र पृथ्वीवरून बघितलं तर त्याच्या प्रारणपट्ट्यांतल्या (ग्रहाभोवती अडकलेल्या भारित कणांच्या कड्यांतल्या) इलेक्ट्रॉनांचा कल्ला ते बुडवून टाकतो. २०१६पासून जुनो यान त्या पट्ट्यांच्या आतून, ढगांना जवळजवळ घासून जाऊ लागलं. त्याच्या सहा चॅनलवरून २०२०मध्ये विषुववृत्ताजवळच्या पाण्याचं प्रमाण आलं: रेणूंच्या सुमारे पाव टक्का. अमोनियाने तर त्याआधीच चकवलं होतं. ढगांखाली तो सगळीकडे सारखा मिसळलेला असणार, असं जवळपास सगळे धरून चालले होते. तो खूप खोलपर्यंत असमान निघाला.

पूर्वकल्पना पृथ्वीवरही चावते. अंटार्क्टिकावरचं ओझोनचं छिद्र १९८५मध्ये फार्मन, गार्डिनर आणि शँकलिन यांनी जमिनीवरच्या एका उपकरणाने जाहीर केलं. निंबस-७ तर १९७८पासून वरून बघत होता. त्याच्या प्रक्रियेत १८० डॉब्सन एककांखालच्या (हे ओझोन मोजायचं एकक) आकड्यांवर ‘संशयास्पद’ असा शिक्का पडायचा, कारण एवढा कमी ओझोन कुणी पाहिलाच नव्हता. संगणकाने तो डेटा फेकून दिला, ही लोकप्रिय गोष्ट खरी नाही. नोंदी जपलेल्या होत्या, त्यांच्याकडे लक्षही गेलं होतं, आणि त्याच नोंदींवरून छिद्र केवढं पसरलंय ते पुढे दाखवता आलं. पण जाहीर करण्यात पहिला नंबर गेला तो गेलाच.

बाह्यग्रहांबद्दल, म्हणजे दुसऱ्या ताऱ्यांभोवतीच्या ग्रहांबद्दल, थोडक्यात. तिथे बहुधा बघायला चित्र नसतं, ढग दिसत नाहीत, फक्त ताऱ्याचा उजेड. ग्रह ताऱ्यासमोरून जाताना उजेड किती घटतो ते तरंगलांबीगणिक मोजायचं. ज्या तरंगलांबीला हवा जास्त शोषते तिथे ग्रह किंचित मोठा भासतो. २०२२मध्ये जेम्स वेब या अंतराळ दुर्बिणीने डब्ल्यूएएसपी-३९बी या ग्रहावर ४.३ मायक्रॉनला कार्बन डायऑक्साइड असाच पकडला. तो निर्विवाद आहे. छोट्या ग्रहांवर अमुक रेणू सापडला अशा बातम्या वाचताना मात्र ताऱ्यावरचे डाग आणि निवडलेलं मॉडेल यांचा वाटा किती, ते विचारा.

या पद्धतीची एकदा उत्तर माहीत असलेल्या ग्रहावर परीक्षाही झाली आहे. गुरूकडे जाणारं गॅलिलिओ डिसेंबर १९९०मध्ये वेग घ्यायला पृथ्वीजवळून गेलं, तेव्हा खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन आणि सहकाऱ्यांनी त्याच्या उपकरणांना पृथ्वी जणू अनोळखी ग्रह आहे असं समजून तपासायला लावली. भरपूर ऑक्सिजन सापडला, आणि त्याच्या सोबतीला टिकायला नको इतका मिथेन, म्हणजे जीवसृष्टीची संभाव्य खूण. अरुंद पट्ट्यातले, कुणीतरी मुद्दाम पाठवल्यासारखे रेडिओ संकेत सापडले. ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिकाच्या चित्रांत, किलोमीटर-दोन किलोमीटरच्या बारकाव्यात, तंत्रज्ञानाची एकही ठाम खूण मात्र मिळाली नाही.